तिसरी गोळी

पाच गोळ्यांच्या फेरीतली तिसरी. मी चाप ओढला आणि काहीच झालं नाही. बोल्ट, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यावर थांबला होता आणि त्याच्यापुढे गोळीचं शिशाचं नाक चेंबरच्या, नळीच्या मागच्या तोंडाशी गोळी बसते त्या जागेच्या, वरच्या कडेला टेकून तिरकं उभं होतं. रेंजच्या पत्र्यावर जुलैचा पाऊस वाजत होता. मी डाव्या हाताने बोल्ट मागे ओढला, ती गोळी खाली सिमेंटवर पडली, तिला बुटाने बाजूला सारलं, हात पुन्हा लांब केला आणि उरलेल्या दोन गोळ्या मारल्या. या सगळ्याला चारेक सेकंद लागले असतील. त्या चार सेकंदांत जे केलं तेच मी पुढचे दोन महिने करत राहिले, आणि चूक नेमकी तिथेच होती.

मी गोव्यातल्या फोंड्यात राहते. पंचवीस मीटर स्पोर्ट पिस्तूल हा माझा प्रकार. पॉइंट टू-टूचं, म्हणजे ५.६ मिलिमीटरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. नियमाप्रमाणे ते १४०० ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये आणि त्याचा चाप १००० ग्रॅमपेक्षा कमी ताणाला सुटता कामा नये. साठ गोळ्यांचा सामना असतो. पहिल्या तीस निवांत, दर पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या तीस घाईच्या. लक्ष्य सात सेकंद लपतं, तीन सेकंद दिसतं, आणि त्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात वर आणून एकच गोळी मारायची. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्या दिवशी निकाल शूट-ऑफपर्यंत, म्हणजे बरोबरी सोडवण्याच्या जादा फेरीपर्यंत, ताणला गेला होता. तो सामना बघताना मला त्यांच्या नेमाइतकंच त्यांच्या पिस्तुलाचंही कौतुक वाटलं होतं. इतका वेळ, इतक्या ताणाखाली, ते एकदाही अडलं नाही. ज्याचं पिस्तूल अडतं त्यालाच हे कौतुक कळतं.

माझं अडायला लागलं ते मार्चनंतर. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा. त्या जुलैपर्यंत दर सरावाला दोन-तीन वेळा. एका स्पर्धेत घाईच्या फेरीत चौथी गोळी अडली आणि माझा डावा हात सवयीने बोल्टकडे गेला. नियम सांगतो की पिस्तूल अडलं तर ते तसंच लक्ष्याच्या दिशेने धरून ठेवायचं, कशालाही हात लावायचा नाही आणि मोकळा हात वर करायचा. मग पंच येऊन बघतात. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा असेल तर संधी परत मिळते. पण पंच येण्याआधी तुम्ही यंत्रणेला हात लावलात, तर दोष कुणाचाही असो, न सुटलेल्या गोळ्यांचे शून्य. मला दोन शून्यं मिळाली. पंच माझ्यावर अजिबात रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, "हात लावलात ना, आता मला काय सांगता येणार?"

त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

कारण माझ्याकडे कारण तयार होतं. दमट हवा. गोव्यात राहणाऱ्या माणसाला हे कारण शोधावं लागत नाही, ते घरातच असतं. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पुस्तकांना वास येतो. मग पिस्तुलाने का सुटावं? शिवाय हे कारण मला वारशानेच मिळालेलं होतं. माझे आजोबा सत्तरी तालुक्यातले. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, रानडुकरं आणि केळीत माकडं, म्हणून पिकाच्या राखणीची परवान्याची बंदूक घरात होती. आधी ठासणीची, नंतर बारा बोअरची. त्या काळी बारा बोअरची काडतुसं कागदी नळीची असत. पावसाळ्यात तो कागद दमट हवेने फुगायचा आणि काडतूस चेंबरमध्ये शिरायचंच नाही, किंवा शिरलं तर उडवल्यावर बाहेर यायचं नाही. आजोबा काडतुसांचा डबा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवत. आजीला ते मुळीच पटत नसे. "दारू आणि भात एका भांड्यात?" असं म्हणून ती दर मृगाला एकदा भांडायची, आणि दर मृगाला तो डबा पिंपातच जायचा.

ठासणीच्या बंदुकीचं आजोबा आणखी एक सांगत. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. बार काढला आणि नळी रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी आतून तांबूस. म्हणून घरी परतल्यावर हातपाय धुण्याआधी चुलीवरचं कढत पाणी नळीतून ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी येईपर्यंत फिरवायची, मग तेलाचं बोट. खंडेनवमीला ती बंदूक कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर पाटावर यायची आणि तिला झेंडूचं फूल वाहिलेलं असायचं. मी लहानपणी नमस्कार केलेली ती वस्तू नेहमी चकचकीत होती. पूजेचं एक निमित्त, पण आदल्या दिवशीची घासपूस ही खरी पूजा होती असं मला आज वाटतं.

तर माझ्या डोक्यात ओलावा पक्का बसला, आणि मे महिन्यात पुण्याने त्यावर शिक्का मारला. बालेवाडीला चार दिवस सरावाला गेले होते. मे महिन्यातलं पुणं, कोरडं ठणठणीत. चार दिवसांत साडेतीनशे गोळ्या मारल्या, एकदाही अडलं नाही. गोव्यात परतले आणि दुसऱ्याच दिवशी तिसरी गोळी नाक वर करून उभी. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मग मी दमट हवेशी लढाई मांडली. पिस्तुलाची पेटी आतून स्पंजची होती. स्पंज पाणी धरून ठेवतो म्हणून तो काढून टाकला. सिलिका जेलच्या पिशव्या आणल्या, हवेतली आर्द्रता मोजणारा छोटा काटा आणला, कॅमेरावाले वापरतात तसला कोरडा डबा घेतला. गाडीतला एसी बंद करून रेंजवर जायला लागले, कारण थंडगार झालेलं लोखंड बाहेरच्या हवेत आलं की त्याला घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी आजही पाळते. घामट हाताचा ठसासुद्धा समुद्राकाठच्या हवेत दोन दिवसांत निळ्या पोलादावर तपकिरी उमटतो, तो मी पाहिलेला आहे. पण पिस्तूल अडत होतं ते अडतच राहिलं.

मग तेल बदललं. आधी जास्त घातलं, मग कमी. मग बोल्टमागची स्प्रिंग बदलली. त्याच आठवड्यात काडतुसांचा लॉट बदलला. एकाच वेळी तीन गोष्टी. त्या आठवड्यात पिस्तूल थोडं बरं चाललं आणि मी स्प्रिंगला श्रेय दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

इथे या पिस्तुलाचं चालणं थोडं सांगायला हवं. पोलिसांकडचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल असतं, आपल्या ईशापूरच्या कारखान्यात ब्राउनिंगच्या नमुन्यावर बनलेलं, त्यात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचं सरकणारं पोलादी कवच, एकमेकांत अडकलेल्या असतात. जोराचा दाब उतरेपर्यंत त्या एकत्र मागे सरकतात आणि मग नळीचं मागचं टोक खाली झुकून स्लाइडला मोकळं करतं. पॉइंट टू-टूला एवढी उठाठेव लागत नाही. तिथे कुलूपच नाही. बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा रेटा, एवढ्यावरच पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीला, क्षणभर जागेवर धरलं जातं. वायू पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट मागे जाताना एक्स्ट्रॅक्टर नावाच्या आकड्याचं नख पुंगळीला धरून आणतं आणि ती बाहेर फेकली जाते, आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधली, म्हणजे गोळ्या भरायच्या खोक्यातली, वरची गोळी ढकलून चेंबरात नेतो. साधं आहे, म्हणूनच नाजूक आहे. लहानशा काडतुसाची शक्ती ती केवढी? त्यातल्या थोड्याशा शक्तीवर हा सगळा फेरा पूर्ण व्हायचा. मळ साचला, तेल घट्ट झालं, काहीही घासलं, की तो फेरा अपुरा पडतो. आणि मळ तर भरपूर. या गोळ्यांचं शिसं उघडं असतं, वर मेणाचा हात असतो. दोनशे गोळ्यांनंतर बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली काळा, मेणचट थर बसतो. टूथब्रश आणि लाकडी टोचणीने तो काढायचा, लोखंडी सुईने नाही. चेंबरच्या तोंडाशी शिशाची आणि मेणाची कडी जमते, ती ब्रॉन्झच्या ब्रशला चार फेऱ्यांत सुटते. एवढं करूनही अडत असेल, तर मळ हे कारण नाही. हे मला कळत होतं. पण कारण ओलावाच आहे हे मनाने इतकं ठरवलं होतं की मी मळ नाही तर ओलावा, ओलावा नाही तर तेल, अशा एकाच गल्लीत फिरत होते.

सप्टेंबरात, चवथ म्हणजे गणपती झाल्यावर, मी रायबंदरला काकांकडे गेले. काका म्हणजे वडिलांचे मित्र, पोलिसांत आर्मोरर होते, तीस वर्षं शस्त्रागारात काढलेली. फोंड्याहून जुन्या गोव्यावरून रायबंदरला जाताना वाटेत पणेली लागतं. तिथे पोर्तुगिजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता, कासा द पोल्व्होरा. पुढे १६९५ पासून त्या आवारातल्या वाड्यात खुद्द व्हाइसरॉय राहायला आले आणि १७५९ पर्यंत तिथेच राहिले. बंदुकीचं काम या नदीकाठाला नवं नाही. पोर्तुगिजांचा गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्क याने १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला कळवलं होतं की गोव्यातले कारागीर बोहेमियातल्या तोडीच्या बंदुका बनवतात. बोहेमिया म्हणजे तेव्हाच्या युरोपातलं पहिल्या प्रतीचं काम. त्या कारागिरांची नावं मला ठाऊक नाहीत. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते. काकांचे हात बघितले की आणखीच.

काका व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून बसले. पेटी उघडली, पिस्तूल उचललं, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये आधी बघितलं आणि मग करंगळीचं टोक घालून चाचपलं. मी गाडीत बसण्याआधी रिकामं करून दोनदा तपासलेलं होतं, त्यांना ते सांगितलंही होतं. त्यांनी ऐकलं आणि तरीही केलं. मग मी वही उघडून सगळं वाचून दाखवलं: तारीख, हवा, आर्द्रता, तेल, लॉट, स्प्रिंग, किती गोळ्या मारल्या, कितवी अडली. मला त्या वहीचा अभिमान होता.

काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि कोकणीत विचारलं, "मॅगझिन खंयचें?" कोणतं, असं.

"म्हणजे?"

"दोन आसात न्हय? अडलें तेन्ना खंयचें आशिल्लें?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही मॅगझिन दिसायला सारखी, एकाच पिशवीत, हाताला येईल ते लावायचं.

"आणि अडलेल्यो गुळयो?"

त्या मी फेकत होते. चेपलेली गोळी पुन्हा वापरायची नसते म्हणून रेंजवरच्या नासक्या गोळ्यांच्या डब्यात टाकत होते, हे बरोबरच. पण टाकण्याआधी एकीकडेही मी नीट बघितलं नव्हतं. माझ्या वहीत हवेची आर्द्रता होती आणि ज्या गोळीने सगळं सहन केलं तिचं नाव नव्हतं.

काकांनी आत हाक मारली. काकी नेलपॉलिशची लाल बाटली घेऊन आल्या. एका मॅगझिनच्या बुडाला काकांनी एक ठिपका दिला, दुसऱ्याला तसंच ठेवलं, आणि मला सांगितलं की स्प्रिंग जुनीच परत घाल, लॉट एकच ठेव, तेलाला हात लावू नको. प्रत्येक मॅगझिनमधून शंभर गोळ्या. अडली की थांबायचं, बघायचं, फोटो काढायचा, गोळी डबीत ठेवायची. "पयलीं पळय, मागीर हात लाय," ते म्हणाले. आधी बघ, मग हात लाव.

दोन दिवस लागले. ठिपकेवाल्या मॅगझिनमधून शंभर गोळ्या, एकही अडली नाही. बिनठिपक्याच्या मॅगझिनमधून शंभर, अकरा अडल्या. आठ वेळा तिसरी, तीन वेळा चौथी. अकराही गोळ्या डबीतून काढून खिडकीत ओळीने ठेवल्या, तर प्रत्येकीच्या शिशावर एकाच बाजूला तोच ओरखडा. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि काटा शहाण्णव टक्के दाखवत होता.

मॅगझिनच्या तोंडाला दोन बाजूंनी आत वळलेले पातळ ओठ असतात. वरची गोळी ते धरून ठेवतात आणि नेमक्या क्षणी सोडतात. पॉइंट टू-टूच्या पुंगळीला मागे कड असते, ती आणखी एक पंचाईत. गोळ्या भरताना प्रत्येक वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे असावी लागते, नाहीतर कड कडेत अडकते. त्यात ओठ जरा उघडा पडला तर गोळी वेळेआधी सुटते आणि नाक वर करते. माझ्या मॅगझिनचा डावा ओठ बाहेर झुकला होता. किती? दोन्ही मॅगझिन शेजारी ठेवून उजेडाकडे धरली तेव्हा दिसलं, एरवी दिसलं नसतं.

आणि मग मला मार्चमधला तो दिवस आठवला. स्पर्धेआधी घाईत मॅगझिन हातातून निसटलं आणि सिमेंटवर तोंडावर पडलं. उचललं, फुंकलं, पिशवीत टाकलं. पुण्याचं कोडंही सुटलं. पुण्याला जाताना एक मॅगझिन घरी टेबलाच्या खणात राहिलं होतं. मी कोरड्या हवेत नव्हे, एकाच मॅगझिनने चार दिवस नेमबाजी करत होते.

पकडीने ओठ आत वाकवून बघू का, असं मी काकांना विचारलं. त्यांनी ते मॅगझिन माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, सरावाला ठीक, स्पर्धेला नाही. एकदा वाकलेला पत्रा परत कुठे वाकेल याचा भरवसा नाही. नवं मॅगझिन परदेशातून, कागदपत्रांच्या वाटेने यायला महिने लागले. तोपर्यंत एकाच लाल ठिपक्यावर मी पूर्ण मोसम काढला.

काकांचं "पयलीं पळय" हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं ते पुढच्या वर्षी, गोव्यापासून फार दूर. माझा मावसभाऊ, आमचा दादा, ह्यूस्टनजवळ राहतो. तिथली हवाही आपल्यासारखीच चिकट. तिथे काडतुसं स्वतः भरणं हा लोकांचा घरगुती छंद आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे आणि माझ्या पॉइंट टू-टूची पुंगळी तर भरताच येत नाही. तिचं पेट घेणारं मिश्रण कडेच्या आतल्या पोकळीत असतं आणि तीच कड सुईने चेपलेली असते. पण दादा ९ मिलिमीटरची भरतो, आणि मी चार संध्याकाळी त्याच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून ते बघितलं.

बघण्यासारखंच काम आहे. रिकाम्या पुंगळ्या उचलायच्या, चिरलेल्या वेगळ्या करायच्या, उरलेल्या घोळून चकाकवायच्या. मग दाबयंत्रात एकेक पुंगळी डायमध्ये जाते. गोळी सुटताना पितळ फुगलेलं असतं, ते परत मापात येतं आणि जुनं प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी, खाली पडतं. मग नवं प्रायमर, मग दारू, मग वर गोळी बसवायची आणि तोंड किंचित आवळायचं. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. दादाचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवायचा, आणि छापील कोष्टकापुढे एक दशांशही तो जात नसे. त्याची चिंता वेगळीच होती. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी असते की पुष्कळ जागा रिकामी राहते. चुकून दुसऱ्यांदा पडली तरी ती ओसंडत नाही, गोळी निमूट वर बसते. आणि अजिबात पडली नाही तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या ओळीने लावून, गोळ्या बसवण्याआधी, विजेरीने प्रत्येकीत डोकावायचं. लोणचं घालताना आजी कुणाला स्वयंपाकघरात बोलू देत नसे, दादाच्या गॅरेजमध्येही तसंच होतं. मला ते शांत, एकचित्त काम फार आवडलं.

पण त्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी दादाला ऑफिसचा फोन आला होता. तो उठला, बोलत बाहेर गेला, दहा मिनिटांनी आला आणि जिथे होता तिथून पुढे सुरू झाला. निदान जिथे होता असं त्याला वाटलं तिथून.

शनिवारी आम्ही त्याच्या रेंजवर गेलो. मी त्याच्या मागे बाकावर बसले होते. ठो, ठो, ठो, आणि मग टप्. पेटीवर कुणी बोटाने टिचकी मारावी तसं. स्लाइड हललीच नाही. अशा वेळी काय करायचं ते दादाच्या हाताला तोंडपाठ होतं: मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाइड मागे ओढ, पुढची मार. तिथे शिकवतातच तसं. थाप मारून झाली होती, हात स्लाइडवर गेला होता. मी ओरडले, "दादा, थांब!" मराठीतून, आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून बघावं इतक्या मोठ्याने. मी काही विचार करून ओरडले नव्हते. तो आवाज मला पटला नाही, एवढंच.

तो थांबला. नळी लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट उभा राहिला, कारण कधी कधी दारू उशिरा पेट घेते. मग मॅगझिन काढलं, स्लाइड उघडली, रिकामी पुंगळी बाहेर आली. रिकामी, म्हणजे गोळी कुठेतरी गेली होती. पिस्तूल उघडून नळी उजेडाकडे धरली तर आरपार उजेड दिसेना. प्रायमरच्या एकट्या जोरावर गोळी नळीत शिरली होती आणि मध्यावर रुतून बसली होती. दादाने स्लाइड ओढून पुढची गोळी मारली असती तर ती पूर्ण दारूची गोळी त्या बंद नळीत जाऊन आदळली असती, त्याच्या तोंडापासून दोन हातांवर.

घरी आल्यावर त्याने पितळी सळईने ती गोळी ठोकून बाहेर काढली. तिच्या अंगावर नळीतल्या पेचांच्या खुणा उमटलेल्या होत्या. मग त्या संध्याकाळी भरलेली सगळी काडतुसं त्याने एकेक करून उघडली. रात्रीचे दोन वाजले. मीही जागी होते, त्याने सोडवलेल्या गोळ्या एका वाटीत आणि पुंगळ्या दुसऱ्या वाटीत मी मोजत होते. दारूशिवायची आणखी एक सापडली. तेव्हापासून तो गॅरेजमध्ये जाताना फोन स्वयंपाकघरात ठेवतो आणि उठावं लागलंच तर पट्टीवरच्या सगळ्या पुंगळ्या ओतून पहिल्यापासून सुरू करतो.

२०२१ साली टोकियोत मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं होतं. दुरुस्तीला जाऊन परत येईपर्यंत बरीच मिनिटं गेली. उरलेल्या वेळात तिने भराभर गोळ्या संपवल्या आणि ५७५ गुणांवर बारावी आली. दोन गुण कमी पडले. लोक तिला काय काय बोलले ते मी वाचलं आहे आणि मला त्याचा आजही राग येतो. ज्यांच्या हातात कधी काही अडलं नाही त्यांचं ते बोलणं होतं. तीन वर्षांनी पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली, पण तिच्याबद्दल माझ्या मनात सगळ्यात मोठं चित्र टोकियोचंच आहे. पिस्तूल बंद पडलेलं, घड्याळ चालू, आणि एकोणीस वर्षांची मुलगी परत येऊन जागेवर उभी राहिलेली.

माझ्या मॅगझिनना आता एक, दोन, तीन असे ठिपके आहेत. अडलेल्या गोळ्यांची डबी आहे. आमच्या रेंजवर नव्याने येणारी मुलं ती डबी उघडून बघतात. त्यांच्या पिस्तुलात काही अडलं आणि हात बोल्टकडे जायला लागला की मी लांबूनच हात वर करून दाखवते. बहुतेकांचा हात मध्येच थांबतो.

काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं या उन्हाळ्यात. बारीक वाचता येत नाही अजून. पाऊस सुरू झाल्यावर मी पिस्तूल घेऊन गेले होते, दाखवण्यासारखं काही नव्हतं, सगळं नीट चालू होतं, तरी गेले. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, मॅगझिन काढलं, चेंबरमध्ये करंगळी घालून बघितली. मग डोळे मिटून अंगठा बोल्टच्या खाचेवरून सावकाश पुढे नेला, मागे आणला, आणि अंगठा तर्जनीवर चोळून बघितला.

"तेल चड जालां, बाय," ते म्हणाले. तेल जास्त झालं होतं.

मी पेटीतली चिंधी काढली.